दोन काठीच्या आतली रेती

रेती काढणारा माणूस पाण्याखाली आंधळा असतो, हे आधी सांगून टाकतो. लोक विचारतात, खाली काय काय दिसतं? काय दिसणार? सावित्रीच्या खाडीचं पाणी म्हणजे दूध घातलेला चहा. डोळे उघडे ठेवा नाहीतर मिटा. जे काय कळतं ते पायाच्या अंगठ्याला आणि बोटांच्या पेरांना. मऊ लागला तर गाळ, बोटांतून निसटली तर बारीक रेती, करकरली तर चांगली रेती, आणि चावलं तर खेकडा.

आमची वाडी महाडच्या खाली, खाडीच्या काठाला. वीर स्टेशनला उतरून रिक्षा केली तर रिक्षावाला शेवटच्या वळणावर सोडतो आणि म्हणतो, पुढं चालत जा. तिथं मी तीस वर्षं बुड्या मारल्या. शाळा चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण माझी बायको सुमन हिला जाऊन नऊ महिने झाले, आणि घरात बोलायला कोणी नाही. भिंतीशी बोलण्यापेक्षा कागद बरा. शुद्धलेखन ज्याला बघायचं असेल त्यानं बघावं.

काम कसं चालायचं ते सांगतो. सरकारी कागदात त्याला हातपाटी म्हणतात. होडीत आम्ही चौघं. ओहोटी लागली की जागा धरायची आणि एक लांब बांबू तळात रोवायचा. एकानं वर बांबू घट्ट धरायचा. एकानं, म्हणजे मी, लोखंडी बादली घेऊन त्या बांबूला धरून खाली जायचं. नळी नाही, चष्मा नाही, छातीत मावेल तेवढा दम. तळाला बसून बादली खरवडून भरायची, दोरीला हिसका द्यायचा, वरचे दोघं ओढून घ्यायचे. मी वर येऊन दोन श्वास घ्यायचे आणि पुन्हा खाली. होडी काठोकाठ भरली की भरतीच्या पाण्यावर बंदराला लावायची. तिथं बाया फळीवरून चढून डोक्यावरच्या पाट्यांनी ती उतरवायच्या. सुमन त्या बायांत होती. एका होडीच्या अडीचशे पाट्या. माझ्या होडीतला प्रत्येक कण आधी माझ्या हातातून आणि मग तिच्या डोक्यावरून गेलाय.

या धंद्यात कान जातात. माझा डावा गेला. सुमनला मला शिव्या घालायच्या असल्या की ती मुद्दाम डाव्या बाजूला बसायची. मी म्हणायचो, "मोठ्यानं बोल की गो." ती म्हणायची, "तुमाला कशाला? देवाला ऐकू गेलं म्हंजे झालं."

आता गिऱ्हाइकांचं. सगळ्यांत विचित्र गिऱ्हाईक म्हणजे महाडचे हमीदभाई. कुवेतला बरीच वर्षं ट्रक चालवून परत आले आणि घर बांधायला काढलं. पहिली गाडी टाकली तर हा माणूस ढिगाजवळ उकिडवा बसला, चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. चघळली. थुंकली.

"गंगाराम, ही खारट हाय."

"हमीदभाई, रेती हाय ती. फरसाण नाय."

"अरे बाबा, खारट रेतीची भिंत दोन पावसाळ्यांत फुगते. पापुद्रे सुटतात. ने परत."

तीन गाड्या परत नेल्या. चौथ्या वेळी मी विचारलं, "कुवेतला एवढी रेती होती, तिथनंच दोन पोती आणायची." ते हसायला लागले. म्हणाले, "तिथं नजर जाईल तिथवर रेती, पण बांधकामाला एक मूठ कामाची नाय. वाऱ्यानं घासून गोल गोल झालेली, सिमेंटला धरतच नाय. त्यांनापण बाहेरून आणावी लागते." मला ते खोटं वाटलं. पुढं एका इंजिनियरनं सांगितलं की खरं आहे.

हमीदभाईंचं खरंच होतं. खाडीची रेती खारट. ती धुवून घ्यावी लागते, आणि धुवायचा कंटाळा सगळ्यांना. गोडी रेती पाहिजे तर वरच्या अंगाला जायचं, नाहीतर खाडीत जिथं एखादा वहाळ गोडं पाणी आणून टाकतो तिथं शोधायची. चौथ्या खेपेला मी त्यांना लांबच्या वहाळाच्या तोंडाची रेती दिली. त्यांनी ती चाखली, मान हलवली आणि आतून खिमापाव मागवला. त्यांची भिंत अजून शाबूत आहे. मला बघितलं की भिंतीवर थाप मारून दाखवतात.

आता नियमाचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलंय.

आमच्या वाडीला खाजणाची शेती. म्हणजे खाडीच्या पातळीतलीच जमीन, मध्ये मातीचा बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवलेलं. त्यात रता होतो, लाल भात. थोडं खारं सोसणारा. सुमनचे आठ गुंठे त्यातच होते. तर आमच्या म्हाताऱ्यांनी नियम घातला होता की बांधाच्या पायथ्यापासून दोन काठ्या, म्हणजे होडीतले दोन बांबू आडवे टाकले तर होईल तेवढं अंतर, कोणी बादली लावायची नाही. दसऱ्याला होड्या पाण्यात पडायच्या तेव्हा सगळ्या होड्यांची माणसं मिळून त्या अंतरावर खुंट्या मारायची आणि नारळ द्यायची. जो खुंटीच्या आत गेला त्याची होडी त्या हंगामात बंद.

कारण साधं आहे. खळ्यात भाताची रास घातली आणि तिच्या पायथ्याचं एक सूप भरून घेतलं, तर वरचं भात आपोआप खाली येतं. काठाचं तसंच. तुम्ही रेती पाण्यातून काढता, पण ती जागा भरायला येते ती काठावरची जमीन. आज नाही येत. दोन-चार पावसाळे घेते. तोवर रेतीवाला दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

पुढं सक्शन पंप आले. बोटीवर इंजिन, त्याला जाड पाइप, पाइप तळाला लावला की हत्तीच्या सोंडेसारखं सगळं ओढून घ्यायचा. रेती, गाळ, शिंपल्या, माशांची पिल्लं. आमची चार माणसांची आठवड्याची कमाई तो जेवायच्या आधी काढायचा. त्यांना कसली काठी नि कसली खुंटी. समोरच्या तीराची नारळाची ओळ एकामागोमाग एक आडवी झाली. विहिरींचं पाणी मचूळ झालं. मी सभेत सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचो. "यांनी खाडी नासवली." लोक माना डोलवायचे. सुमन बायांत बसून पदराचा काठ बोटाला गुंडाळत असायची.

माझी लेक खाडीच्या तोंडाला, पार समुद्राच्या कडेला दिली आहे. एकदा आम्ही दोघं तिच्याकडं गेलो होतो. व्याही मला पुळणीवर, वाळूच्या किनाऱ्यावर, फिरायला घेऊन गेले. माणूस मिश्किल. सुरूची पाच-सहा झाडं मुळं वर करून पाण्यात पडली होती.

व्याही म्हणाले, "पूर्वी हितनं पाण्यापर्यंत जायचं तर अख्खी विडी संपायची. आता काडी पेटवेस्तोवर पाय भिजतात."

मी म्हटलं, "समुद्र वाढलाय."

"समुद्र वाढलाय ते खरं. पण आमची पुळणपण कुठं तरी गेलीय. व्याही, तुमच्याकडं राहायला आली असंल. बघा जरा, कोणाच्या तरी भिंतीत सापडंल."

लेक आणि सुमन मागून येत होत्या. सुमन एवढी हसली की तिला खोकला आला. मी पण हसलो, पण थोडं.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं बघत म्हणाली, "तो माल नदीनं त्यांच्या नावानं पाठवला होता. आपण मधल्यामधी उतरवून घेतला." मला तोवर खरंच असं वाटायचं की रेती म्हणजे पावसासारखी, दर साली येते. येते, पण कुठून तरी येते आणि कुठं तरी जायला निघालेली असते. पोलादपूरच्या डोंगरात दगड असतो, महाडला त्याचा गोटा होतो, आमच्याकडं येईस्तोवर रेती, आणि पुढं ती व्याह्यांची पुळण. एवढ्या लांबचा प्रवास. त्यात आम्ही नाका लावून बसलेलो.

गेल्या साली सुमन आजारी पडली. त्याच श्रावणातल्या उधाणाला आमच्या बांधाला खांड गेली. खांड म्हणजे भगदाड. खारं पाणी आत शिरलं आणि सगळ्या वाडीचं भात पिवळं पडलं. सुमनचे आठ गुंठे सगळ्यांत आधी, कारण खांड बरोबर तिच्या शेताच्या तोंडाला होती. अंथरुणातून तिला ते दिसायचं नाही, पण वास यायचा. खारं पाणी मुरलेल्या शेताला एक वास असतो. माघात ती गेली. शेत तसंच पांढरं पडलेलं.

तिच्या मागं मला एकच काम दिसत होतं. पावसाच्या आधी ती खांड बुजली पाहिजे आणि पुन्हा जाता कामा नये. अजून एक-दोन साल खारं पाणी राहिलं असतं तर वाडीनं शेती सोडली असती. दोन घरांनी मुंबईला जायचं बोलायला सुरुवात केलीच होती. बांध राहिला नाही तर वाडी राहणार नव्हती, एवढं साधं होतं.

वैशाखात बांधाच्या कामासाठी सरकारी इंजिनियरबाई आली. तरणी पोर, पायात गमबूट, बोलायला गोड. छोट्या बोटीवर एक मशीन लावलेलं, ते पाण्यात आवाज सोडतं आणि तळ किती खोल आहे ते सांगतं. वाडीची सगळी माणसं काठावर जमलेली. तिनं खांडीसमोरून दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "तळ सपाट आहे. काळजी नाही. होता तसाच सरळ रेषेत बांध घेऊ."

मी म्हटलं, "म्याडम, मशीन खोटं बोलतंय."

वाडी हसली. ती नाही हसली. म्हणाली, "कसं काय, काका?"

"तुमचा आवाज गाळावर आपटून परत येतोय. वर पेजेसारखा गाळ हाय. त्याच्याखाली खड्डा हाय. तुम्ही त्या पेजेवर बांध घातलात तर पहिल्या उधाणाला बसंल."

मी लुंगी खोचली, बांबू घेतला आणि पाण्यात उतरलो. वय सदुसष्ट. मागून पारूबाय ओरडली, "ए गंगाराम, बुडलास तर काढायला कोण येणार नाय." पारूबाय म्हणजे आमची शेजारीण. सुमनच्या बरोबरीनं जन्मभर पाट्या वाहिल्या, आता तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या, विकते. जीभ सुरीसारखी.

छातीभर पाण्यात उभा राहून मी बांबू खाली दाबला. तो गाळात शिरला आणि जात राहिला. माझ्या हातातून सरकत सरकत शेवटचं कांड तेवढं वर राहिलं. चार पावलं पुढं गेलो, पुन्हा तसंच. मग बांधाच्या अंगाला सरकून बांबू टाकला, तर अर्ध्यावरच टक्कन काहीतरी लागलं. दगड. शेजारी टाकला, पुन्हा दगड. मला कळेना. त्या जागेला दगड असायचं कारण नव्हतं. मी तिथला तळ हातानं चाचपलेला माणूस.

म्याडमनं वहीत लिहून घेतलं. मग तिनं साधा प्रश्न विचारला. त्यात तिची काही चूक नाही. "काका, खाडी एवढी मोठी. खड्डा इथंच आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

पंप म्हणालो असतो तर चाललं असतं. सगळ्यांनी मान डोलवली असती. पण पंपाच्या पाइपाचा खड्डा विहिरीसारखा गोल असतो आणि हा होता पसरट, बादलीनं खरवडलेला. ती लिहून घेत होती. खड्डा कुणी आणि कसा काढला ते चुकीचं लिहिलं गेलं, तर भरायचा तोही चुकीचा भरला जाणार.

मी पाण्यातच उभा राहून सांगितलं. "मी काढलाय."

मग मी पुढं सांगत राहिलो. लेकीच्या लग्नाआधी मला घर बांधायचं होतं. सुमनचा जन्म कुडाच्या घरात गेला होता, तिला चिऱ्याची भिंत पाहिजे होती, आणि मला पापुद्रे सुटणारी भिंत तिच्यासाठी नको होती. तेव्हा वाडीतली गोडी रेती एकाच जागी शिल्लक होती. बांधाच्या पायथ्याला, उघाडीच्या तोंडाशी, जिथं शेतातलं गोडं पाणी बाहेर पडतं. खुंटीच्या आत. मी खुंट्या उपटल्या, काम झाल्यावर परत मारल्या. होडीतल्या तिघांना गप्प बसवलं. आता ते तिघंही नाहीत. सुमननं विचारलं तेव्हा सांगितलं, पोलादपूरच्या अंगाची आहे, ओळखीतून आणली. अकरा होड्या. माझ्या घरातली प्रत्येक भिंत तिच्या शेताच्या बांधाखालनं आलीय.

पाण्यात उभं राहून पाय गार पडले होते. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि त्या घ्यायची माझी तयारी होती.

पारूबायनं तोंडातलं पान थुंकलं. "झालं का सांगून? अठरा वर्सं लागली होय रे तुला?"

"तुला ठावं होतं?"

"सगळ्या बायांना ठावं होतं. पयली पाटी डोक्यावर घेतली नि सुमन म्हणली, पारू, ही आपल्या उघाडीची. वजनाला हलकी लागते ती, वरची जड लागते. आमची डोकी काय नुसती केसं ठेवायला होती?"

"मग ती काय बोलली नाय?"

"बोलली. डाव्या बाजूला बसून."

काठावरची माणसं हसली.

पारूबाय थांबली नाही. एकदा सुरू झाली की तिला थांबवायला भरती यावी लागते. "दर वैशाखात अवसेचे दोन दिवस नि पुनवेचे दोन दिवस, पाणी पार खाली गेलं की ती हितं यायची. टेकाडावरचा दगड नि चिकणमाती, दिवसाला सतरा-अठरा पाट्या. खड्ड्यात टाकायची. मीबी यायचे कधी. तुला सांगायची तिसऱ्यांना चाललेय."

"तिसऱ्या तर घरी यायच्या."

"माझ्याकडनं न्यायची. ह्या अंगाला तिसऱ्या कधी मिळाल्यात? खाडीत जन्म गेला तुझा."

खरं होतं. त्या बाजूला तिसऱ्या कधीच नव्हत्या. मी सतरा वैशाख त्या तिसऱ्यांचं कालवण भाकरीबरोबर चापलं, वर मीठ कमी आहे म्हणालो, आणि एकदाही विचारलं नाही की आणल्यास कुठनं.

"शेवटच्या वैशाखात तिच्यानं उठवलं नाय," पारूबाय म्हणाली. "त्याच पावसात खांड गेली."

मी बांबू पुन्हा त्याच जागी टाकला. टक्कन दगड लागला.

"मला का नाय सांगितलं तिनं?"

"मी म्हणलं होतं तिला, सांग. म्हणली, एवढ्या हौसेनं घर बांधलंय त्यानं. सांगितलं तर भिंतीकडं बघवायचं नाय त्याला, नि मग घराच्या बाहेरच बसून राहील. बाहेर बसलेला नवरा काय कामाचा?"

म्याडम इतका वेळ वही धरून उभी होती. तिनं डोळे पुसले की चष्मा, ते मला पाण्यातून दिसलं नाही. मग ती हिशोबाला लागली, कारण तिला भर किती लागेल ते काढायचं होतं. "अकरा होड्या काढल्या. एका होडीच्या किती पाट्या?"

"अडीचशे," पारूबाय आणि मी एकदमच म्हणालो.

"आणि काकूंनी सतरा वर्षं, वर्षाला सत्तर पाट्या धरू." तिनं मोबाइलवर आकडे मारले. "जवळजवळ पाच होड्या परत भरल्या त्यांनी. एकट्यांनी. आणि तुम्हाला बांधाच्या अंगाला दगड लागला तो तोच. काका, सहा होड्यांची भर पडली की झालं. गाळ काढून दगड भरू. पण काकूंचा दगड आम्ही हलवणार नाही. तो इतक्या वर्षांत बसलाय. त्याच्यावरच पाया घेऊ."

"घ्या," मी म्हटलं. "तिचं काम कच्चं नसायचं."

वर आलो तेव्हा पारूबायनं स्वतःचा पंचा अंगावर फेकला. वाडीनं मला दंड केला तो असा की भर पडेपर्यंत रोज मी बांबू घेऊन पाण्यात उभं राहायचं आणि ठेकेदाराचा माणूस दगड टाकायला कुठं चुकवतो ते बघायचं. दोन वेळा चुकवलं त्यानं. दोन्ही वेळा उचलायला लावलं.

बांध सरळ आला नाही. सुमनच्या दगडापाशी तो जरा आत वळतो, मग पुन्हा बाहेर येतो. यंदाच्या श्रावणातलं उधाण त्याला येऊन लागलं, वीतभर खाली थांबलं आणि परत गेलं. आठ गुंठ्यांपैकी तीन गुंठ्यांत रता धरलाय. बाकीचं शेत अजून खारं आहे, दोन पावसात धुऊन निघेल असं बाया म्हणतात. मुंबईला जाणारी दोन्ही घरं अजून इथंच आहेत, आणि त्यातल्या एकाशी माझं पाण्याच्या वाटेवरून भांडण सुरू झालंय.

हातपाटी केव्हाच बंद पडली, त्यामुळं या दसऱ्याला पाण्यात पाडायला होड्या नव्हत्या, तरी आम्ही खुंट्या मारल्या. पहिली मला मारायला सांगितली. मी दोन काठ्या आडव्या टाकून अंतर मोजलं. पारूबायनं ते पुन्हा मोजलं.